स्टोरी भारी आहे, पण सदतिसावा एपिसोड कुठला?

इन्स्टावर मला येणारे निम्मे मेसेज एकाच साच्यातले असतात. ताई, माझ्याकडे एक खतरनाक स्टोरी आहे, त्यावर ॲनिमेशन सिरीज करायचीय, कुठल्या चॅनलला भेटू. आणि मग खाली अख्खी स्टोरी, सलग, फुलस्टॉप नाही काही नाही, एका गावातल्या पोराला विहिरीत एक मणी सापडतो, मण्यामुळे त्याच्यात शक्ती येते, गावावर राक्षस चालून येतो, पोरगा राक्षसाला हरवतो, गाव आनंदी. वाईट नसतात हो या स्टोऱ्या, काही तर खरंच छान असतात. पण राक्षस मेला ना? मग उद्या त्याच वेळेला टीव्ही लावणाऱ्या पोराला काय दाखवणार?

मी प्रीप्रॉडक्शनमध्ये (ॲनिमेशन सुरू होण्याआधीचं काम) आहे, म्हणजे मुख्यतः कॅरेक्टर डिझाइन आणि थोडंफार स्टोरीबोर्ड, म्हणजे गोष्ट चित्रांच्या चौकटींत मांडणं. बरीच वर्षं दुसऱ्यांच्या सिरीजवर केलं आणि सध्या रात्री आणि रविवारी स्वतःच्या एकीवर करतेय, त्यामुळे प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच सगळं इथे लिहिते. लांबेल, आधीच सांगते.

आधी हिशोब बघा. मुलांच्या चॅनलवर अर्ध्या तासाचा स्लॉट असतो, त्यातून जाहिराती काढल्या की उरतात २२ मिनिटं, त्यात ११-११ मिनिटांच्या दोन गोष्टी बसवतात, आणि एका सीझनला असे २६ अर्धे तास मागतात, म्हणजे ५२ गोष्टी. एका सीझनला. आणि सिरीज चालली तर लगेच दुसरा सीझन. मी ज्यांच्या हाताखाली शिकले ते एक सीनियर रायटर होते, नवीन कोणी कन्सेप्ट घेऊन आलं की ते पहिला एपिसोड विचारायचेच नाहीत. म्हणायचे, पहिला सगळ्यांकडे असतो, मला सदतिसावा सांग. समोरच्याचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. पण प्रश्न बरोबर होता. सिरीज विकताना तुम्ही गोष्ट विकतच नसता, गोष्टी निघत राहतील अशी एक रचना विकता. आमच्यात तिला स्टोरी इंजिन म्हणतात.

छोटा भीमच घ्या. हैदराबादच्या ग्रीन गोल्डचा, राजीव चिलका यांचा, २००८ साली पोगोवर आला. मला वैयक्तिकरीत्या फार जवळचा नाही तो, पण इंजिन म्हणून बघा की किती घट्ट बसवलंय. ढोलकपूर नावाचं एकच गाव, एक राजा ज्याला सतत काहीतरी अडचण येते, ताकदवान भीम, त्याच्यावर जळणारा कालिया, कालियाच्या मागे ढोलू-भोलू, आणि टुनटुन मौसीचे लाडू. राजाकडे कोणी परका आला, की गोष्ट सुरू. कालियाने पैज लावली, की गोष्ट सुरू. लाडू चोरीला गेले, तरी सुरू. लेखक आजारी पडला आणि दुसरा आणून बसवला तरी त्याला दुपारपर्यंत चार प्लॉट सुचतील, आणि हीच परीक्षा असते. मोटू पतलूही तसंच, मुळात लोटपोट मासिकातली जुनी जोडी, २०१२ ला निक चॅनलवर आली, मुंबईच्या कॉसमॉस-मायाने केली आणि डिरेक्टर आपले सुहास कदव. एकाला भूक लागते, दुसरा डोकं चालवतो, आणि डोकं चालवल्यामुळेच घोळ वाढतो. झटका नावाचा एक डॉक्टर आहे जो दर वेळी नवीन यंत्र बनवतो, म्हणजे कुठलंही अशक्य यंत्र गोष्टीत आणायचा परवाना कायमचा मिळाला. लोक नाक मुरडतात या सिरीजना, मीही मुरडते कधीकधी, पण असा एक डॉक्टर झटका सुचणं किती अवघड आहे ते स्वतः बसल्यावर कळतं.

आणि इंजिनाला व्हिलन लागतोच असंही नाही बरं का. ब्लूई बघा, ऑस्ट्रेलियाची, ब्रिस्बेनच्या लुडो स्टुडिओची, जो ब्रम नावाच्या माणसाने तयार केलेली, २०१८ ला आली. दोन कुत्र्याची पिल्लं, आई, बाबा, आणि रोज एक खेळ. बस्स. खेळ सुरू होतो, खेळाचे नियम ठरतात, कोणीतरी नियम मोडतं, रुसवे-फुगवे, खेळ संपतो. तिथे ११ नाही, ७ मिनिटांचेच एपिसोड आहेत आणि पहिल्याच सीझनला ५२ केले. पोरं जितके खेळ खेळू शकतात तितक्या गोष्टी, म्हणजे संपणारच नाहीत.

आता माझी सिरीज. नाव सांगत नाही, का ते शेवटी कळेल. जागा आहे तालुक्याच्या गावाचा एसटी स्टँड. माझं अर्धं बालपण तसल्या स्टँडवर गाड्यांची वाट बघण्यात गेलंय, पण ते कारण नाही, कारण हे की तिथे दर पंधरा मिनिटांनी नवीन माणसं आपोआप येतात आणि आपोआप जातात. लेखकाला काही करावंच लागत नाही. सुरुवातीला माझी कल्पना नुसती "स्टँडवरच्या पोरांच्या गमती" एवढीच होती आणि ती कुठेच जात नव्हती. गाडी तेव्हा चालू झाली जेव्हा एक नियम सापडला: प्रत्येक गोष्टीत कोणीतरी बसमध्ये काहीतरी विसरतं, आणि त्या माणसाची पुढची गाडी सुटायच्या आत ती वस्तू त्याच्यापर्यंत पोचवायची. झालं. आता माझ्याकडे वस्तू आहे, अनोळखी माणूस आहे, आणि घड्याळ आहे. विसरलेली छत्री. आजोबांची कवळी. परीक्षेचं हॉल तिकीट. जिवंत कोंबडी, पिशवीत. लग्नपत्रिकांचा गठ्ठा, आणि लग्न उद्या. नुसता डग्गा, तबला नाही, म्हणजे तबला घेऊन एक माणूस पुढच्या गावी कार्यक्रमाला पोचलाय आणि त्याला अजून पत्ताच नाही. सदतिसावा काय, मी तुम्हाला सत्तरावा पण सांगेन.

पण वस्तू म्हणजे निमित्त. सिरीज उभी राहते ती माणसांवर, आणि माणसं अशी पाहिजेत की एकाच गोष्टीकडे बघून त्यांची तोंडं वेगवेगळ्या दिशेला होतील. माझ्याकडे तिघं आहेत. नंदा, कँटीनवाल्याची मुलगी, नऊ वर्षांची, जिला कुठलीही बॅग दिसली की उघडून बघायचीय. ओंकार, कंट्रोलरचा मुलगा, वडील माईकवर गाड्या पुकारतात आणि याला अख्खं वेळापत्रक तोंडपाठ, बॅग उघडायची नाही, नियम आहे, आधी नोंद करायची. आणि कुत्रा, त्याचं नाव डेपो, त्याला वास घ्यायचाय आणि जमलं तर खायचंय. मधे एक बेवारस पिशवी ठेवा आणि तिघांना सोडा, पहिली दोन मिनिटं फुकटात लिहून होतात. मी आधी चौथा एक मुलगा पण ठेवला होता, हुशार, चष्मेवाला. तो काढला, कारण तो जे बोलायचा ते सगळं एक तर नंदा बोलू शकत होती नाहीतर ओंकार.

मग कोणीतरी हमखास विचारतं, अवतारचं काय? द लास्ट एअरबेंडर. ती तर एकच मोठी स्टोरी आहे, सुरुवात, मध्य, शेवट, संपली सुद्धा, आणि जगातल्या सगळ्यात भारी सिरीजपैकी एक आहे. बरोबर. मीही त्याच्यामुळेच या धंद्यात आले म्हटलं तरी चालेल. म्हणूनच तिच्यावर जरा थांबते, कारण ती कशी तयार झाली हे बघितलं की कळतं की तिच्या पोटात पण इंजिन आहेच.

मायकेल डांते डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएत्झ्को या दोघांची ती सिरीज, निकलोडियनवर फेब्रुवारी २००५ मध्ये सुरू झाली, २००८ च्या जुलैत संपली, ३ सीझन, ६१ एपिसोड. सुरुवात कशी झाली, तर कोनिएत्झ्कोकडे एका टक्कल पडत चाललेल्या मध्यमवयीन माणसाचं जुनं स्केच होतं, त्याने तोच माणूस लहान मुलगा असता तर कसा दिसला असता असं काढून बघितलं, मग तो मुलगा आकाशात गव्यांचा कळप हाकतोय असं काढलं. त्याच सुमारास डिमार्टिनो दक्षिण ध्रुवावर अडकलेल्या शोधकांबद्दलची डॉक्युमेंटरी बघत होता. एकाकडे हवेतला मुलगा, दुसऱ्याकडे बर्फात अडकलेली माणसं, दोन्ही एकत्र आलं, त्यांच्यावर आगवाले चालून आले, आणि हवा, पाणी, आग, माती असं जग उभं राहिलं. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की सुरुवातीच्या आराखड्यात मोमो हा रोबोट होता आणि सोबतीला नागा नावाचा एक अवाढव्य अस्वल-कुत्रा होता. रोबोट गेला, मोमो उडणारा लेमूर झाला, आणि नागा थांबली, वाया नाही गेली, पुढच्या, द लेजेंड ऑफ कोरा या सिरीजमध्ये आली. टाकून दिलेली स्केचेस फेकू नका म्हणतात ते यासाठी.

आता इंजिन. आंग म्हणजे तो हवेतला मुलगा, सिरीजचा नायक, त्याला चारही तत्त्वं शिकायचीत. हवा येतेच, उरली तीन तत्त्वं, म्हणजे तीन सीझन. हिशोब तिथेच ठरला. प्रत्येक तत्त्व शिकायला नवीन देशात जायचं, वाटेत गावं लागणार, प्रत्येक गावाची काहीतरी भानगड, म्हणजे एकेका एपिसोडची गोष्ट आपोआप. आणि डोक्यावर आगवाल्यांची ताकद वाढवणाऱ्या धूमकेतूची मुदत, तो येऊन उन्हाळा संपायच्या आत सगळं शिकायचं. प्रवास, रोजची नवीन जागा, आणि घड्याळ. एवढी महागडी, गंभीर, पल्लेदार कथा, आणि खालचा सांगाडा विचाराल तर माझ्या एसटी स्टँडपेक्षा फार वेगळा नाही, (हसा, पण नाहीये.)

त्याहून मोठी गोष्ट त्यांनी केली ती डिझाइनची. जादू आहे म्हणून हवेत हात फिरवले आणि रंगीत गोळे निघाले असं नाही केलं. सिफू किसू म्हणून मार्शल आर्ट्सचे जाणकार सल्लागार घेतले आणि प्रत्येक तत्त्वाला एक खरी युद्धकला दिली. पाण्याला ताई ची, मातीला हंग गार, आगीला नॉर्दर्न शाओलिन, हवेला बागुआ, ज्यात माणूस गोल गोल फिरत प्रतिस्पर्ध्याला चुकवत राहतो. म्हणजे आवाज बंद करा, रंग काढून टाका, नुसती काळी सावली ठेवा, तरी उभं राहण्याच्या पद्धतीवरून कळतं हा कुठल्या देशाचा. टॉफ आंधळी आहे आणि पायाने जमीन ऐकते, तर तिला मातीवाल्यांच्यातही वेगळी शैली दिली, सदर्न प्रेइंग मँटिस. आणि ही टॉफ मुळात टॉफ नव्हतीच, एक दांडगा पोरगा ठरला होता. हेड रायटर ॲरन एहाझ म्हणाला की तिथे मुलगी हवी, कोनिएत्झ्कोला आधी ते पटलं नव्हतं, नंतर पटलं. आज ती चिमुरडी नसलेली सिरीज डोळ्यासमोर आणून बघा. आणि तो दांडगा पोरगाही त्यांनी नंतर एका एपिसोडमध्ये वापरला, नाटकात टॉफचं काम करणारा नट म्हणून. मला हे फार आवडतं, लेखकांच्या खोलीतलं भांडण थेट पडद्यावर.

आणि ही सगळी डिझाइनं अमेरिकेत होत होती, पण प्रत्यक्ष ॲनिमेशन कुठे झालं? दक्षिण कोरियात. जेएम ॲनिमेशन, डीआर मूव्ही, एमओआय. म्हणजे ज्याने आंग काढला तो लॉस एंजेलिसला, आणि रोज शेकडो आंग काढणारे सोलला. इथून डिझाइनचा खरा धडा सुरू होतो, जो कॉलेजात आम्हाला कोणी नीट सांगितला नाही. सिरीजचं कॅरेक्टर तुम्ही स्वतःसाठी काढतच नसता. ते तुम्हाला कधीच न भेटलेल्या माणसाला, डेडलाइन डोक्यावर असताना, तुम्हाला फोन न करता काढता आलं पाहिजे. तुमच्या हाताची ती जी एक खास लकब आहे ना, जी तुम्हाला फार आवडते, तीच पहिली मरते.

म्हणून मॉडेल शीट, म्हणजे पात्र नेमकं कसं काढायचं ते सांगणारी पानं. समोरून, पाऊण, बाजूने, मागून असं टर्नअराउंड, एक्सप्रेशन शीट, हातांचं वेगळं पान, माउथ चार्ट (बोलतानाचे तोंडाचे आकार), सगळी पात्रं एका रेषेत उभी करून लाइनअप म्हणजे कोणाचं डोकं कोणाच्या खांद्याला लागतं ते कळावं, आणि एक पान नुसतं "असं काढू नका" याचं, फुल्या मारलेलं. हे शेवटचं पान सगळ्यात उपयोगी असतं.

या बाबतीत माझे देव म्हणजे हॅना-बार्बेरा. टॉम अँड जेरी करणारे हे दोघं, एमजीएम या फिल्म स्टुडिओने कार्टून विभाग बंद केल्यावर १९५७ मध्ये टीव्हीसाठी काम करायला लागले, आणि टीव्हीचे पैसे सिनेमाच्या मानाने कैक पटीने कमी. मग काय केलं? योगी बेअरच्या गळ्यात कॉलर आणि टाय घातला. नागड्या अस्वलाला टाय कशाला? तर कॉलरची रेघ आली की डोकं आणि धड वेगवेगळ्या शीटवर ठेवता येतं, तो बोलत असताना धड तसंच ठेवून नुसतं डोकं बदलायचं, जोड दिसत नाही. एकदा हे कळलं की तुम्हाला त्यांच्या सगळ्या प्राण्यांच्या गळ्यात काहीतरी दिसायला लागतं, आणि फ्रेड फ्लिंटस्टोनच्या गळ्यातला तो फाटका टायही त्याच घराण्यातला. फ्लिंटस्टोन्स १९६० मध्ये रात्रीच्या प्राइम टाइमला आली आणि ६ सीझन चालली. पैसे नव्हते म्हणून घातलेला टाय, आणि आज साठ वर्षांनी त्यालाच लोक स्टाइल म्हणतात.

स्पंजबॉबचंही जरा तसंच. स्टीफन हिलेनबर्ग हा आधी समुद्री जीवशास्त्र शिकवायचा, मुलांना भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले प्राणी समजावेत म्हणून त्याने कॉमिक काढलं होतं. स्पंज त्याने आधी खऱ्या समुद्री स्पंजसारखा, वेडावाकडा काढला होता. मग भांडी घासायचा चौकोनी केला आणि तिथे कॅरेक्टर सापडलं, कारण चौकोनात तो भोळा, शहाणासुरता, ऑफिसला जाणारा दिसायला लागला. आणि मी म्हणेन चौकोन काढायला पण सोप्पा. नाव आधी स्पंजबॉय होतं, ते आधीच दुसऱ्या कोणाचं निघालं म्हणून बॉब. चॅनलला दाखवायला गेला तेव्हा हवाईयन शर्ट घालून, फिशटँकमध्ये पात्रांची मॉडेल्स ठेवून, गाणी लावून गेला होता. १९९९ मध्ये आली आणि अजून चालू आहे.

माझ्या स्टँडवर परत येते. प्रोड्यूसरला (छोटा स्टुडिओ, मित्राचाच) पहिली स्केचेस दाखवली तर तो एवढंच म्हणाला, गर्दी कोण काढणार? एसटी स्टँड म्हणजे गर्दी. आणि ॲनिमेशनमध्ये गर्दीइतकं महाग काही नाही, प्रत्येक माणसाचं डिझाइन, रिग (म्हणजे पात्र हलवायचा आतला सांगाडा), चाल. गर्दी नाही तर स्टँड नाही. दोन आठवडे डोकं धरून बसले आणि मग कॅमेराच खाली आणला, नऊ वर्षांच्या पोरीच्या डोळ्याच्या उंचीवर. आता गर्दी म्हणजे फक्त पाय. चपला, कोल्हापुरी, बूट, नऊवारीचा काठ, धोतर, जीन्स, आणि हातातल्या पिशव्या. माणसांचे चेहरे ज्यांच्याशी गोष्ट आहे त्यांचेच दिसतात. खर्च एकदम खाली आला आणि गंमत म्हणजे सिरीज पहिल्यांदा स्वतःसारखी दिसायला लागली. बस एकच, एकच रिग, पुढची पाटी तेवढी बदलते. महामंडळाचा लोगो आणि नेमकी रंगसंगती परवानगीशिवाय टाकता येत नाही, म्हणून आमची बस लाल आहे पण जराशी दुसऱ्या जगातली लाल आहे. डेपोचे कान अजून ठरत नाहीयेत, एक उभा एक पडलेला ठेवला तर तो उलटा वळला की ॲनिमेटर बरोबर कान बदलून टाकतो, रिटेकच रिटेक. पण पडलेला कान सोडवत नाही मला.

आपल्याकडचं एक उदाहरण सांगायलाच पाहिजे, मीना. आठवतेय? मिठू पोपट, राजू भाऊ. युनिसेफने दक्षिण आशियासाठी केली, नव्वदीच्या सुरुवातीला, आणि डिझाइन राम मोहन यांचं. राम मोहन म्हणजे १९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून युनिटमध्ये डिस्नेहून आलेल्या क्लेअर वीक्सच्या हाताखाली शिकलेले, आमच्या धंद्यातले आजोबाच. त्यांच्यापुढचा प्रश्न बघा: एकच मुलगी, जी बांगलादेशात, भारतात, पाकिस्तानात, नेपाळमध्ये, सगळीकडे आमच्याच गावातली वाटली पाहिजे. मग घालायचं काय तिला? साडी म्हटली की एका बाजूची, सलवार म्हटली की दुसऱ्या बाजूची. नाव असं पाहिजे की हिंदू घरातही चालेल, मुसलमान घरातही. घर कसलं, अंगण कसलं. त्यांनी आपल्या मनाने नाही ठरवलं, स्केचेस घेऊन लोकांना दाखवली, गावांत, बायकांना, पोरांना, विचारलं ही कोण वाटते, मग बदलली, परत दाखवली. कपड्यांत मधला मार्ग काढला जो कुठल्याच एका देशाचा नाही आणि कोणालाच परका नाही. हे मला कायम थक्क करतं, कारण असं सगळ्यांना चालणारं काहीतरी काढायला गेलं की ते बहुतेक वेळा बेचव होतं, आणि मीना नाही झाली. तिला स्वतःचा हट्ट होता म्हणून असेल.

बायबल, स्क्रिप्ट, ॲनिमॅटिक याबद्दल थोडक्यातच, यूट्यूबवर ढीगभर मिळेल. बायबल म्हणजे सिरीजची पोथी: एका ओळीत कल्पना, जग, पात्रं, त्यांची एकमेकांशी नाती, काय कधीच होणार नाही त्याचे नियम (माझ्याकडे: चोर नाही, जादू नाही, डेपो बोलत नाही), दहा-पंधरा गोष्टींचे दोन-दोन ओळींचे बीज, एक पूर्ण स्क्रिप्ट. वीस पानांच्या वर नेऊ नका, कोणी वाचत नाही. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी आधी स्क्रिप्ट पूर्ण लिहून मग स्टोरीबोर्डला देतात. स्पंजबॉबमध्ये उलटं होतं, दोन-एक पानांचा आराखडा बोर्ड आर्टिस्टकडे जायचा आणि संवाद, विनोद सगळं तोच काढता काढता लिहायचा. मी बोर्डवाली असल्यामुळे माझं मत कुठे पडणार ते उघड आहे. पडलेल्या कानाचा विनोद शब्दांत लिहिताच येत नाही. बोर्ड झाला की घरातल्याच लोकांच्या आवाजात स्क्रॅच, म्हणजे कच्चं रेकॉर्डिंग करायचं, चित्रं टायमिंगला लावायची, झाला ॲनिमॅटिक, आणि तो सिरीज माहीत नसलेल्या पोरांना दाखवायचा. मोठ्यांना नाही. पोरं खोटं हसत नाहीत, उठून पाणी प्यायला जातात, तो क्षण नोंदवून ठेवायचा.

पिच, म्हणजे चॅनलसमोर सिरीज मांडणं, त्याबद्दल काय सांगू. एका चॅनलच्या मीटिंगमध्ये (नाव घेत नाही, लोक चांगले होते) पहिला प्रश्न, कुत्रा बोलू शकेल का. दुसरा, नंदाला काही पॉवर देता येईल का, बसच्या पाटीतून मिळते वगैरे. तिसरा, हे फार महाराष्ट्र-महाराष्ट्र नाही का होत, बिहारमधल्या पोराला काय कळणार. पहिल्या दोनला मी नाही म्हटलं, तिसऱ्याला म्हटलं की बिहारमध्ये बसस्टँड नाहीत का. जरा तोऱ्यात म्हटलं गेलं, पण मला ते खरंच वाटतं. मुलांच्या सिरीज आपल्याकडे बहुतेक हिंदीत जन्मतात, मराठी डबिंग मागून येतं, त्यामुळे डिझाइनमध्येच एक कुठलंच नसलेलं गाव येऊन बसतं, जिथे घरावर कौलं पण असतात आणि मागे घुमट पण. डोंबिवलीच्या पोराने ते बघायचं, दरभंग्याच्या पोराने पण तेच बघायचं, आणि दोघांचंही नाही. ब्लूईतली घरं नेमकी ब्रिस्बेनची आहेत, खांबांवर उभी केलेली लाकडी क्वीन्सलँडर, पाठीमागे तिथलीच झाडं, आणि जगभरच्या पोरांना काही अडलं नाही.

त्यांनी नकार दिलेला नाही, होकारही नाही, "डिस्कस करून कळवतो" आहे. अशात मी स्वतःला ॲडव्हेंचर टाइमची आठवण करून देते, २००७ चा छोटा पायलट (नमुन्याचा एपिसोड), निकलोडियनने सिरीज म्हणून घेतला नाही, कार्टून नेटवर्कने घेतला, २०१० ला आली आणि पुढे गाजली.

आणि आता नाव का सांगितलं नाही ते. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, नुसत्या नावावरही नसतो. "एसटी स्टँडवर विसरलेल्या वस्तू परत करणारी पोरं" ही कल्पना उद्या कोणीही करू शकतं, मी काही करू शकत नाही. कॉपीराइट असतो तो लिहिलेल्या आणि काढलेल्या गोष्टीवर, म्हणजे माझं बायबल, माझी स्क्रिप्ट, माझी नंदा, पडलेल्या कानाचा माझा डेपो. म्हणून तोंडी पिच करत फिरू नका, आधी कागदावर आणा. स्क्रिप्ट-बायबल मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे मेंबर होऊन ऑनलाइन रजिस्टर करता येतं, डिझाइनं कॉपीराइट ऑफिसमध्ये नोंदवता येतात, ईमेलने पाठवा म्हणजे तारीख राहते. आपल्याकडच्या स्टुडिओंनी वर्षानुवर्षं बाहेरच्यांसाठी सर्व्हिसचं काम केलंय, काम करायचं, पैसे घ्यायचे, हक्क त्यांचे, त्यामुळे आपल्यातल्या चांगल्या चांगल्या आर्टिस्टना हक्काचा कागद वाचायची सवयच नाही. पण सिरीजचे पैसे नुसत्या टीव्हीत नसतात, दप्तरात, डब्यात, टीशर्टवर असतात, ग्रीन गोल्डने भीमची स्वतःची दुकानं काढली ती उगीच नाही. उलट ब्लूई ऑस्ट्रेलियात जन्मली पण जगभरच्या वितरणाचे आणि खेळण्या-बिळण्यांचे हक्क बीबीसी स्टुडिओजकडे आहेत, कारण सुरुवातीला पैसे त्यांनीही घातले होते. तो सौदा चूक म्हणत नाही मी, पैसे नसते तर सिरीजच नसती कदाचित. फक्त सही करायच्या आधी बघा की पात्रं कोणाच्या नावावर जातायत, किती वर्षांसाठी, आणि त्यांनी सिरीज केलीच नाही तर ती तुमच्याकडे कधी परत येतात. ही शेवटची ओळ बऱ्याच कागदांत नसतेच, मागून घ्यावी लागते. आमच्या कागदात ती अठरा महिने अशी लिहून मागितलीय, समोरच्यांचा वकील तीन वर्षं म्हणतोय, या आठवड्यात बोलणं आहे.